समुद्राविना मर्यादवेल : सातारा-सांगलीच्या बागेत किनाऱ्यावरचे रानफूल लावताना

कराडहून कुंभार्ली घाट उतरून गुहागरला किंवा सांगलीकडून आंबा घाटाने रत्नागिरीला गेलेल्या प्रत्येकाने ही वेल पाहिलेली असते, मात्र बहुतेकांना तिचे नाव माहीत नसते. सुरूची झाडे संपून मोकळी वाळू सुरू होते, त्या पट्ट्यात हिरव्या दोरखंडासारखे लांबच लांब फाटे समुद्राच्या दिशेने सरपटत गेलेले दिसतात आणि सकाळच्या वेळी त्यांवर जांभळट गुलाबी रंगाची, नरसाळ्याच्या आकाराची फुले उमललेली असतात. हीच मर्यादवेल. भरतीचे पाणी नेहमी जिथवर येते त्या रेषेच्या वरच्या अंगाला ती वाढते आणि वाऱ्याने उडणारी वाळू आपल्या फाट्यांत अडवून हळूहळू वाळूचे उंचवटे तयार करते, त्यामुळे समुद्राची मर्यादा दाखवणारी वेल हे नाव तिला शोभते.

घाटमाथ्याच्या या बाजूला, म्हणजे समुद्रापासून शंभर किलोमीटर आत आणि सुमारे सातशे मीटर उंचीवर असलेल्या सातारा शहरात, ही वेल जगेल का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ती जगते, फुलतेही. परंतु त्यासाठी समुद्राची नक्कल करण्याची गरज नसते. तिला मीठ लागत नाही, खारी हवा लागत नाही आणि समुद्राचे पाणी तर मुळीच लागत नाही. तिला हवे असते ते कडक ऊन, हलकी जमीन आणि मुळांजवळ न थांबणारे पाणी. खालील सर्व सूचनांच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे आणि नवख्या माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका ती न कळल्यामुळे होतात.

पहिली पायरी : वेल ओळखणे

तिचे शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्रे असे आहे. लिनियसने १७५३ मध्ये तिचे वर्णन केले आणि रॉबर्ट ब्राऊन यांनी १८१८ मध्ये तिला आयपोमिया या प्रजातीत आणले. ‘पेस-काप्रे’ म्हणजे शेळीचे पाऊल. पान जाड, गुळगुळीत आणि टोकाशी मधोमध चिरलेले असते, त्यामुळे ते शेळीच्या खुरासारखे दिसते. आपल्याकडच्या माणसाला मात्र ते पाहून दसऱ्याचा आपटाच आठवतो. पान किंवा देठ मोडल्यास पांढरा चीक येतो. एक फूल साधारणपणे चार-पाच सेंटिमीटरचे असते, त्याचा घसा गडद जांभळा असतो आणि ते सकाळी उमलून दुपारनंतर मिटते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी ते पुन्हा उमलत नाही.

किनाऱ्यावर हिच्यासोबत गुलाबी फुलांची आणखी एक वेल दिसते. तिचे पान तीन पानकांचे आणि फूल वालाच्या फुलासारखे असते, त्यामुळे दोघींत गोंधळ होण्याचे कारण नाही. घरच्या रताळ्याची आणि कालव्याकाठी माजणाऱ्या बेशरमाची ही जवळची नातलग आहे. हे नाते नुसते माहितीपुरते नाही, त्याचे दोन व्यावहारिक परिणाम आहेत आणि त्यांकडे मी पुढे येणारच आहे.

दुसरी पायरी : बी किंवा फाटा मिळवणे

शहरातल्या नर्सरीत ही वेल सहसा मिळत नाही, त्यामुळे ती आणावी लागते ती कोकणातूनच. येथे थोडा विवेक बाळगावा लागतो. वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानल्या जातात, आणि गुहागर, आंजर्ले, वेळास यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. म्हणून वेल मुळासकट उपटू नये, उंचवटे तुडवत जाऊ नये आणि ज्या भागात घरट्यांना कुंपण घातलेले आहे त्याच्या आसपास हात घालू नये. किनाऱ्यावरची वाळू पिशवीत भरून आणणे हा प्रकारही टाळावा. नियमांत तो बसत नाही आणि त्या वाळूतले मीठ कुंडीत आपल्या काही उपयोगाचे नसते.

घरी लावण्यासाठी दहा-बारा बिया पुरतात. साधारणपणे दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत वेलीवर वाळलेली, गोलसर, तपकिरी बोंडे सापडतात आणि एका बोंडात चार बिया असतात. बी वाटाण्याएवढे, गडद तपकिरी आणि अंगावर मखमलीसारखी लव असलेले असते. भरतीच्या रेषेवर काटक्या-शिंपल्यांचा जो कचरा साचतो त्यातही या बिया मिळतात, कारण हे बी पाण्यावर तरंगते, महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात राहूनही जिवंत असते आणि त्याच बळावर ही वेल जगभरच्या उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर पोहोचली आहे. मला विचाराल तर वाहून आलेले बी उचलणे सर्वांत चांगले; त्यात कोणाचेच काही बिघडत नाही.

एखाद्या परिचिताच्या नारळाच्या वाडीच्या कडेला वेल असेल तर त्यांना विचारून फाटा आणता येतो. हातभर लांबीचे दोन-तीन तुकडे घ्यावेत, पाने अर्धी खुडावीत आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवावेत. घाट चढून घरी येईपर्यंत, किंबहुना त्यानंतरचे एक-दोन दिवसही, ते टिकतात. गाडीच्या मागच्या काचेजवळ उन्हात ठेवलेले फाटे मात्र टिकत नाहीत, हे मी स्वतःच्या निष्काळजीपणातून शिकलो.

तिसरी पायरी : माती, म्हणजे खरे तर मातीचा अभाव

या लेखात सर्वांत जास्त जागा या पायरीला देणे भाग आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही मर्यादवेल तेथे सुखाने राहते. सांगलीत त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही काळ्या मातीत लावलेली वेल पहिल्याच श्रावणात कुजू शकते. हे कोडे वाटते, पण त्याचे उत्तर पावसात नसून जमिनीत आहे. वाळूतून पाणी काही क्षणांत खाली उतरते आणि त्याच्या मागोमाग हवा शिरते. कृष्णाकाठची काळी माती पाणी शोषून फुगते, तिच्यातली हवेची जागा बंद होते, आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. उसाला, हळदीला जी जमीन सोन्यासारखी, ती या वेलीला घातक ठरते.

माझी पहिली वेल मी मळ्यातल्या चांगल्या पोयट्यात, भरपूर शेणखत घालून लावली होती. जूनमध्ये ती हिरवीगार होती. जुलैच्या अखेरीस खोड जमिनीलगत काळे पडले आणि फाटा हातात आला. त्यात दोष ना पावसाचा होता ना वेलीचा.

कुंडीसाठी मिश्रण असे करावे : तीन घमेली जाडसर वाळू, एक घमेले मुरूम किंवा हलकी तांबडी माती आणि सुरुवातीला दोन मुठी पूर्ण कुजलेले शेणखत. त्याहून अधिक खत नको. वाळू बांधकाम साहित्याच्या दुकानातून पावतीसह घ्यावी. माण, येरळा यांसारख्या नद्यांच्या पात्रातून स्वतः वाळू उचलणे बेकायदेशीर आहे. अलीकडे नदीची वाळू मिळणे अवघड झाल्याने बहुतेक ठिकाणी खडी फोडून केलेली वाळूच हाती येते. तीही चालते, फक्त तिच्यातली भुकटी सिमेंटसारखी घट्ट बसते, म्हणून गवंडी वापरतात तशा चाळणीतून ती चाळून घ्यावी आणि एकदा पाण्याने धुवावी.

कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी. प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून केलेले अर्धे भांडे उत्तम, मात्र त्याच्या तळाला बोटभर रुंदीची किमान सहा भोके पाडावीत आणि ते दोन विटांवर ठेवावे, म्हणजे भोके गच्चीला चिकटून बंद होत नाहीत. पाणी ओतल्यावर अर्ध्या मिनिटात ते खालून वाहू लागले पाहिजे. तसे झाले नाही, तर वेल लावण्याची घाई न करता मिश्रणात आणखी वाळू घालावी.

जमिनीत लावायची असेल तर मुरमाड उतार शोधावा. सपाट काळ्या जमिनीत लावणे अपरिहार्यच असेल, तर गुडघाभर उंचीचा वाळू-मुरमाचा ढिगारा करून त्याच्या माथ्यावर लागवड करावी.

येथेच एका शंकेचे निरसन करतो. ही वेल खारेपणा सोसते, तेव्हा मिरज, पलूस, वाळवा या भागांतील क्षारपड जमिनीत ती लावून पाहावी, असे अनेकांना वाटते. कल्पना आकर्षक आहे, पण त्या जमिनींचे दुखणे केवळ क्षारांचे नसते; अतिसिंचनाने वर आलेले पाणी आणि बंद झालेला निचरा हे मूळ दुखणे असते. समुद्रकाठी मीठ आहे पण पाणी साचत नाही, येथे मीठही आहे आणि पाणीही साचलेले आहे. अशा जमिनीला आधी सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा हवा असतो.

चौथी पायरी : बी उगवून आणणे

या बियांचे कवच फार कठीण असते आणि तसेच मातीत टाकल्यास त्यातून पाणी आत शिरत नाही. ज्या कवचामुळे बी समुद्रात तरते, तेच कुंडीत अडथळा बनते. बीच्या एका टोकाला, ते बोंडाला जोडलेले असते तेथे, एक खूण असते. तिला डोळा म्हणू. डोळ्याच्या विरुद्ध बाजूने बी काचकागदावर घासावे आणि आतला फिकट भाग ठिपक्याएवढा दिसताच थांबावे. नेलकटरने बारीक टवका काढला तरी चालतो, परंतु हात घसरण्याची भीती असल्याने लहान मुलांना हे काम देऊ नये. घासलेल्या बिया साध्या पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी ज्या फुगून दुप्पट झाल्या असतील त्या पेराव्यात. ज्या तशाच कडक राहिल्या असतील त्या पुन्हा थोड्या घासून पुन्हा भिजवाव्यात. भिजवलेल्या पाण्यात मीठ घालू नये. एका परिचिताने मोठ्या हौसेने समुद्राचे पाणी बाटलीत भरून आणले होते आणि सगळे बी त्यात भिजवून वाया घालवले. खारे पाणी बी सहन करते म्हणजे ते त्याला रुजायला मदत करते असे नाही. किनाऱ्यावरही बी रुजते ते पावसाचे गोडे पाणी मिळाल्यावर.

पेरणीस आपल्याकडे दोन वेळा योग्य आहेत. एक म्हणजे फेब्रुवारी अखेर ते मार्च, जेव्हा रात्रीची थंडी ओसरलेली असते आणि पावसाळ्यापूर्वी मुळांना तीन-चार महिने मिळतात. दुसरी जूनची सुरुवात. मी पहिली वेळ पसंत करतो, कारण पावसाळ्याला सामोरे जाणारे रोप जितके मोठे तितके बरे. बी दोन सेंटिमीटर खोल, थेट कायमच्या कुंडीत पेरावे. ते साधारणपणे आठ-दहा दिवसांत वर येते. पहिली दोन पाने मधोमध खोल चिरलेली, दुबेळक्यासारखी असतात. ती बीजपत्रे, म्हणजे बीमध्ये आधीपासूनच असलेली पाने होत. त्यानंतर येणारी काही पाने टोकाशी पुरती चिरलेली नसतात, तेव्हा भलतेच काही उगवले असे समजून रोप उपटू नये.

पाचवी पायरी : फाट्यापासून लागवड

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना ही पद्धत वेगळी शिकवावी लागणार नाही. उसाची टिपरी सरीत आडवी ठेवून मातीने झाकतात, तसाच या वेलीचा तुकडा आडवा ठेवायचा. प्रत्येक तुकड्यावर किमान तीन पेरे (पान फुटते त्या गाठी) असावीत, कारण मुळे फुटतात ती पेरांपाशी. दोन पेरे वाळूत बोटभर खोल दाबावीत आणि एक, पानासह, वर ठेवावे. पहिले दोन आठवडे कुंडी दुपारच्या उन्हापासून थोडी आडोशाला ठेवावी आणि वाळू वापशावर राखावी, म्हणजे मुठीत दाबली तर ओली लागावी पण पाणी सुटू नये. नवीन कोंब दिसला की कुंडी उघड्या उन्हात न्यावी आणि पुन्हा सावलीत आणू नये.

सहावी पायरी : जागा, पाणी आणि बेतशीर दुर्लक्ष

दिवसातून सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडावी. गच्चीच्या कठड्यावरून फाटे खाली सोडले तर ते फार शोभून दिसतात. या वेलीला वाटाण्याच्या किंवा काकडीच्या वेलीसारखे ताणे नसतात आणि ती मांडवावर स्वतःहून चढत नाही. तिला सरपटायला किंवा लोंबायला जागा द्यावी. किनाऱ्यावर फाटे दहा मीटरहूनही लांब जातात. कुंडीत ती इतकी वाढत नाही, तरी दोन-तीन मीटरची तयारी ठेवावी.

रोप रुजल्यानंतर पाणी मोजूनमापून द्यावे. वाळूत बोटाची दोन पेरे खुपसून पाहावीत आणि तेथवर कोरडे लागले तरच पाणी घालावे. उन्हाळ्यात कुंडीला तीन-चार दिवसांनी, जमिनीतल्या वेलीला आठ-दहा दिवसांनी पाणी पुरते. पावसाळ्यात वरून काहीही घालू नये. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, तेव्हा वाढ थांबते आणि काही पाने पिवळी पडतात. नवखा माणूस याच वेळी घाबरून पाणी आणि खत वाढवतो, आणि ज्या वेलीला थंडीने मारले नसते ती त्या पाण्याने मरते. फेब्रुवारीत ऊन तापले की ती आपोआप सावरते. महाबळेश्वर-पाचगणी परिसरात मात्र हा प्रयोग करू नये असे माझे मत आहे. तेथे पाऊस आणि गारठा दोन्ही तिच्या ताकदीबाहेरचे आहेत.

खताबद्दल थोडक्यात : वर्षातून एकदा, मार्चमध्ये, मूठभर शेणखत. युरिया कधीही नको. सुपीक मातीत ही वेल पानांचा गालिचा करते आणि फुले धरत नाही. बियांपासून केलेल्या वेलीला पहिल्या वर्षी फुले आली नाहीत तर निराश होऊ नये. फाट्याची वेल बहुधा आधी फुलते.

सातवी पायरी : वेलीला मर्यादेत ठेवणे

रताळ्याशी असलेल्या नात्याचा पहिला परिणाम असा, की रताळ्याला पोखरणारा सोंड्या भुंगेरा या वेलीवरही राहू शकतो. घरच्या किंवा शेजारच्या शेतात रताळी असतील तर मर्यादवेल तेथे लावू नये. हंगाम संपल्यावर किडीला आसरा देण्याचे काम ती करील. पाने चाळणीसारखी झालेली दिसली, तर पानांच्या मागे कासवाच्या पाठीसारखे चकचकीत लहान भुंगेरे शोधावेत आणि सकाळी हाताने वेचावेत. पिठ्या ढेकूण आल्यास तो भाग कापून टाकणे पुरेसे होते.

दुसरा परिणाम खाण्याविषयीचा आहे. पाने रताळ्याच्या कुळातली असली तरी त्यांची भाजी करू नये, बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि शेळ्या मोकळ्या फिरतात तेथे वेल लावणे टाळावे. बेशरम खाऊन शेळ्यांना विषबाधा होते हे पशुपालकांना ठाऊक आहे. त्या कुळातल्या वनस्पतीबाबत सावध राहिलेले बरे. कोकणात या पानांचे काही घरगुती उपयोग सांगितले जातात, परंतु वैद्याच्या सल्ल्याशिवाय ते करू नयेत.

वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, कडा छाटाव्यात. छाटलेले तुकडे ओल्या खतखड्ड्यात टाकल्यास प्रत्येक पेर पुन्हा रुजते, म्हणून ते आधी गच्चीवर पसरून कडक वाळवावेत. चीक अंगाला लागल्यास हात धुवावेत.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. कास पठारावर किंवा त्यासारख्या कोणत्याही जांभ्याच्या सड्यावर ही वेल, तिचे बी किंवा छाटलेले तुकडे नेऊ नयेत. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ मध्ये कासचा समावेश झाला तो तेथल्याच, त्या पातळ मातीच्या थरात वाढणाऱ्या फुलांमुळे. मर्यादवेल भारतीय असली तरी त्या पठाराची नाही. माण-खटाव, आटपाडी, जत भागातल्या माळरानांवर धूप थांबवण्यासाठी ती लावण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्यांनी आधी कुसळ, पवना यांसारखी तिथलीच गवते पाहावीत. ही वेल घराच्या आवारात आणि गच्चीवर शोभते.

आठवी पायरी : पुढच्या वर्षासाठी बी

फुलांवर काळे भुंगे येतात आणि परागीभवन त्यांच्यामुळे होते. तरीही अनेकांची वेल भरभरून फुलते पण बोंड धरत नाही. याचे नेहमीचे कारण असे, की सगळ्या कुंड्या एकाच फाट्याच्या तुकड्यांपासून केलेल्या असतात. त्या दिसायला चार, पण वनस्पतीच्या दृष्टीने एकच असतात, आणि या वेलीला स्वतःच्या परागाचा सहसा उपयोग होत नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या बियांपासून वाढवलेल्या किंवा दोन वेगळ्या किनाऱ्यांवरून आणलेल्या वेली शेजारी ठेवाव्यात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, फूल ताजे असताना, रंगकामाच्या बारीक कुंचल्याने एका वेलीच्या फुलातील पराग दुसरीच्या फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकाला लावावा. बोंड तपकिरी होऊन वाळले की फुटण्यापूर्वी ते कागदाच्या पाकिटात काढावे, पाकिटावर महिना व कोणत्या वेलीचे बी ते लिहावे आणि पाकीट कोरड्या डब्यात ठेवावे. कठीण कवचामुळे हे बी पुढल्या फेब्रुवारीपर्यंत सहज टिकते. काचकागद तेवढा त्याच डब्यात ठेवून द्यावा.